जीर्ण पचनविकार, माजी सैनिक आणि अपंगत्वाचा टक्का : वैद्याच्या केसपेपरचे स्थान

प्रास्ताविक

सानपाडा, तुर्भे, जुईनगर या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे अम्लपित्त, परिणामशूल व ग्रहणी यांचे जे रुग्ण येतात, त्यांत माजी सैनिकांचा एक वेगळा वर्ग आढळतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडील ही मंडळी ऐन चाळिशीत सैन्यातून निवृत्त होतात, मुलांच्या शिक्षणासाठी नवी मुंबईत स्थिरावतात आणि बँका, गोदामे, गृहनिर्माण संस्था किंवा घाऊक बाजाराच्या फाटकांवर सुरक्षारक्षकाची दुसरी नोकरी धरतात. सेवेत असताना जडलेला पोटाचा विकार रात्रपाळीने अधिकच वाढतो. आपण त्यांस औषध देतो, पथ्य सांगतो. तथापि या रुग्णाचा आणखी एक प्रश्न असतो व तो चिकित्सेच्या कक्षेत पूर्णपणे मावत नाही. सेवेत जडलेल्या व्याधीबद्दल शासनाने त्यास अपंगत्व निवृत्तिवेतन द्यावे की नाही, दिल्यास किती टक्के धरून द्यावे, हा तो प्रश्न होय.

हा निर्णय वैद्याने करावयाचा नाही. तो लष्करी मेडिकल बोर्डाचा अधिकार आहे. परंतु निवृत्तीनंतरच्या फेरतपासणीत व अपिलात जी कागदपत्रे विचारात घेतली जातात, त्यांत आपल्या दवाखान्यातील केसपेपर व औषधालयाची पावती यांसही स्थान असू शकते. ते स्थान कोणते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्यासाठी नोंद कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

१. नियमांची रूपरेषा

सैनिक सेवेतून बाहेर पडताना त्याची तपासणी मेडिकल बोर्डापुढे होते. व्याधीमुळे सेवा सोडावी लागल्यास इनव्हॅलिडिंग बोर्ड आणि मुदत संपून निवृत्त होताना रिलीज मेडिकल बोर्ड, असे त्याचे दोन प्रकार आहेत. सेवाकाळातील आरोग्यश्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरी पद्धतीने नोंदवलेली असते. पचनविकार त्यांतील चौथ्या, म्हणजे शारीरिक क्षमतेच्या अक्षराखाली येतात. ‘पी टू’ किंवा ‘पी थ्री’ असा उल्लेख रुग्णाच्या कागदांत दिसल्यास त्याची श्रेणी सेवेतच खालावली होती, असा त्याचा अर्थ आहे.

बोर्डापुढे मुख्यतः दोन प्रश्न असतात. पहिला, व्याधी लष्करी सेवेमुळे उद्भवली काय, किंवा आधीची असल्यास सेवेमुळे वाढली काय? दुसरा, तिच्यामुळे आलेले अपंगत्व किती टक्के? टक्का ठरवताना त्याच वयाच्या व त्याच लिंगाच्या निरोगी व्यक्तीशी रुग्णाची तुलना केली जाते. व्याधी सेवेशी निगडित असेल आणि अपंगत्व २० टक्के वा अधिक असेल, तरच अपंगत्वाचा लाभ मिळतो. १९६१ च्या सेना निवृत्तिवेतन विनियमांपासून ही वीस टक्क्यांची पायरी चालत आलेली आहे.

या पायरीचे महत्त्व आकड्यांनी स्पष्ट होईल. १०० टक्के अपंगत्वासाठी मोजणीस धरलेल्या शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतकी रक्कम देय असते व टक्का कमी असल्यास ती त्या प्रमाणात घटते. समजा, हे वेतन ४०,००० रुपये आहे. तर १०० टक्क्यांस दरमहा १२,००० रुपये व २० टक्क्यांस २,४०० रुपये होतात. ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने टक्का वरच्या टप्प्यावर नेण्याची सवलत मिळाली. ५० हून कमी असल्यास ५०, ५० ते ७५ असल्यास ७५ व त्यापुढे १०० असे ते टप्पे आहेत. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांसही ही सवलत लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात दिला. त्यामुळे वरील उदाहरणात २० टक्के मिळालेल्यास ५० टक्के धरून ६,००० रुपये मिळतात, तर ‘१५ ते १९ टक्के’ असा शेरा घेऊन निवृत्त झालेल्यास काहीही मिळत नाही. जीर्ण पचनविकाराचे रुग्ण नेमके याच सीमारेषेवर असतात.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. व्याधी असूनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांसाठी त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ अशी वेगळी संज्ञा आहे. म्हणून रुग्ण कोणत्या तारखेस सेवेतून बाहेर पडला, हे आधी विचारावे. आपल्याकडे येणाऱ्या जुन्या रुग्णांस बहुधा पूर्वीचेच नियम लागू असतात.

२. ‘आहाराची सक्ती’ आणि ग्रहणीचे हेतू

१९८२ च्या पात्रता नियमांस व्याधींचे एक परिशिष्ट जोडलेले आहे. सेवेतील कोणत्या परिस्थितीचा कोणत्या व्याधीवर परिणाम होतो, याचे वर्ग त्यात पाडलेले आहेत. हवामान, ताण, संचलन व दीर्घकाळ उभे राहणे, उंची, पाणबुडीतील सेवा असे ते वर्ग होत. त्यांतील एक वर्ग वैद्यांनी आवर्जून लक्षात ठेवावा, तो म्हणजे आहाराच्या सक्तीमुळे परिणाम होणाऱ्या व्याधी. त्यात संसर्गजन्य कावीळ, आमाशय व ग्रहणी यांचे विकार, कृमी, आमाशयशोथ, विशेषतः डबाबंद अन्नाने होणारी विषबाधा, आमाशयातील व ग्रहणीतील व्रण आणि पोषणजन्य विकार यांचा समावेश आहे.

हा वर्ग वाचताना चरकाच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायाचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. अग्निदुष्टीची जी कारणे आचार्यांनी तेथे सांगितली, त्यांत उपाशी राहणे, अजीर्णावर व अतिप्रमाणात खाणे, विषमाशन, असात्म्य, गुरू, शीत, अतिरूक्ष व दूषित अन्न, दुसऱ्या व्याधीने आलेली कृशता, देश-काल-ऋतूंचे वैषम्य आणि वेगधारण ही सारी आहेत. सैनिकाच्या जीवनाशी ती ताडून पाहावीत. राजस्थानातील उष्णतेतून काही दिवसांतच हिमरेषेवर बदली, म्हणजे देशवैषम्य. चौकीवर पहारा असताना मलमूत्राचा वेग आवरणे हे वेगधारण. गस्तीवर डब्यातील व शिळे अन्न, आणि कधी ते वेळेवर न मिळणे, म्हणजे असात्म्य व विषमाशन. ज्यास शासनाच्या भाषेत आहाराची सक्ती म्हटले आहे, त्यास आपण हेतू म्हणतो. फरक इतकाच की सर्वसाधारण रुग्णास ‘हेतू टाळा’ असे सांगता येते. सैनिकास तो टाळण्याची मुभा नव्हती.

क्षोभी आंत्राचे, म्हणजे ज्यास आधुनिक वैद्यक आय. बी. एस. म्हणते त्याचे, नाव त्या जुन्या वर्गात स्वतंत्रपणे येत नाही. येथे सुश्रुताचा विचार उपयोगी पडतो. अतिसार थांबला तरी अग्नी मंद असताना अहितकर अन्न घेतल्यास ग्रहणी दूषित होते, असे उत्तरतंत्राच्या चाळिसाव्या अध्यायात सांगितले आहे. तीव्र आंत्रसंसर्गानंतर काही रुग्णांत आय. बी. एस. मागे राहतो, हे आधुनिक वैद्यकानेही मान्य केले आहे. म्हणून रुग्णास सेवाकाळात अतिसार, प्रवाहिका वा अन्नविषबाधा झाली होती काय, केव्हा झाली, कोणत्या ठिकाणी एम. आय. रूममध्ये उपचार घेतले, हे विचारणे म्हणजे केवळ इतिहास घेणे नव्हे. व्याधीचा सेवेशी असलेला दुवा शोधणे आहे.

व्रणाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा शोध वॉरेन व मार्शल यांनी लावला आणि २००५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पाठीच्या व गुडघ्यांच्या दुखण्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हेही व्रणाचे मोठे कारण आहे. जंतूची तपासणी झाली काय व गोळ्या किती वर्षे घेतल्या, या दोन्ही नोंदी केसपेपरवर असाव्यात. त्या रुग्णाच्या बाजूने जातील की विरुद्ध, याचा विचार करून नोंद करू नये.

३. गृहीतक कोणाच्या बाजूचे?

‘व्याधी सेवेशी निगडित नाही’ एवढ्या एका ओळीने अनेकांचे दावे फेटाळले जात. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात या प्रश्नाचा विस्ताराने ऊहापोह केला. भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल, तर सैनिक निरोगी होता असे मानावे. पुढे प्रकृती खालावून तो सेवेबाहेर पडल्यास ती सेवेमुळे खालावली असे गृहीत धरावे. सिद्धतेचा भार सैनिकावर टाकू नये. आणि व्याधी भरतीच्या तपासणीत कळणे शक्य नव्हते असे बोर्डाचे मत असल्यास त्याची कारणे लिहावीत, असा त्याचा आशय आहे. ते प्रकरण आक्षेपाच्या व्याधीचे होते, परंतु तत्त्व त्या व्याधीपुरते मर्यादित नाही.

याचा अर्थ प्रत्येक दावा मान्य होतोच, असा नाही. टक्का किती, हा प्रश्न उरतोच आणि तो वैद्यकीय पुराव्यावर ठरतो.

४. टक्का मोजण्याची अडचण

तुटलेल्या हाताचा टक्का मोजता येतो, कमी ऐकू येण्याचाही येतो. पचनविकाराची अडचण अशी की बोर्डापुढे उभा असलेला रुग्ण त्या दिवशी बरा दिसतो. सोनोग्राफी निर्दोष, रक्त ठीक, वजन थोडे कमी. व्याधी आहे ती दिवसांच्या व रात्रींच्या हिशेबात, आणि तो हिशेब कोणीच लिहून ठेवलेला नसतो.

या संदर्भात अमेरिकेतील पद्धत पाहण्याजोगी आहे. तेथील माजी सैनिकांच्या विभागाने पचनसंस्थेच्या मूल्यांकनाचे कोष्टक सुधारले व ते १९ मे २०२४ पासून लागू झाले. आय. बी. एस. साठी १०, २० व ३० टक्के अशा तीनच पायऱ्या त्यात आहेत. मलप्रवृत्तीशी संबंधित उदरशूल गेल्या तीन महिन्यांत किमान एकदा झाल्यास पहिली, महिन्यातून किमान तीन दिवस झाल्यास दुसरी व आठवड्यातून किमान एक दिवस झाल्यास तिसरी पायरी. त्याच्या जोडीला मलाची वारंवारता किंवा स्वरूप बदलणे, कुंथावे लागणे वा घाई होणे, आमयुक्त मल, आध्मान अशा लक्षणांपैकी किमान दोन असावी लागतात. ऑगस्ट १९९० पासून आखाती प्रदेशात सेवा केलेल्यांच्या बाबतीत अशा विकारांचा सेवेशी संबंध विहित अटींवर गृहीतही धरला जातो. आपल्या देशात हे कोष्टक लागू नाही. परंतु दिवस मोजल्याखेरीज अशा व्याधीचा भार सांगता येत नाही, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

५. एक रुग्ण

ओळख पटू नये इतपतच तपशील देतो. वय ५१, निवृत्त हवालदार, एका गोदामावर रात्रपाळीचा रक्षक. सकाळी मलप्रवृत्ती चार ते पाच वेळा, जेवणानंतर लगेच वेग, कधी साम कधी द्रव मल, पोटात गुडगुड, दूध व डाळ वर्ज्य. बारा वर्षांपूर्वी डोंगराळ भागात असताना तीव्र अतिसारासाठी लष्करी रुग्णालयात सहा दिवस दाखल, तेव्हापासून त्रास. निवृत्तीच्या बोर्डाचा शेरा ‘१५ ते १९ टक्के’.

फाटकावर पहारा सोडून जाता येत नाही म्हणून हा गृहस्थ संध्याकाळी सहानंतर अन्नच घेत नसे. बसचा लांब प्रवास त्याने सोडला होता. गावी लग्नाला जायचे तर आदल्या दिवशी उपाशी राहत असे. “पोटाचं काय सांगायचं साहेब, सगळ्यांचंच बिघडतं,” असे तो म्हणाला. त्याच्याजवळ निरनिराळ्या दवाखान्यांच्या अकरा चिठ्ठ्या होत्या. त्यांवर औषधे होती, परंतु लक्षणे किती दिवसांची, वजन किती, कामावर परिणाम काय, यांपैकी एकही गोष्ट कोणत्याही चिठ्ठीवर नव्हती. बारा वर्षांचा त्रास आणि कागदावर त्याचा पुरावा नाही, अशी ही स्थिती होती. आम्ही त्यास पर्पटीकल्प, तक्रप्रयोग व आहारक्रम दिला आणि सोबत एक वही दिली. तीन महिन्यांत मलप्रवृत्ती दोनवर आली, पण रात्रपाळीच्या आठवड्यात ती पुन्हा वाढते, हेही त्याच वहीने दाखवले.

६. केसपेपर कसा असावा

माजी सैनिक रुग्णासाठी पुढील नोंदी पहिल्याच भेटीत कराव्यात, असे आम्हांस वाटते.

अ) सेवेचा पट : भरती व निवृत्तीचे वर्ष, कामाचे स्वरूप, हवामानाच्या दृष्टीने कठीण ठिकाणे, भोजनाची व्यवस्था.

आ) आरंभ : प्रथम त्रास केव्हा, कोणत्या घटनेनंतर, कोणत्या लष्करी रुग्णालयात उपचार. मूळ कागद पाहिले असल्यास ‘कागद पाहिला’ असे व केवळ रुग्णाने सांगितले असल्यास ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ असे स्पष्ट लिहावे. हा भेद फार महत्त्वाचा आहे.

इ) वारंवारता : महिन्यातून शूलाचे दिवस, दिवसातून मलवेग, रात्री जाग येते काय, मलाचे स्वरूप.

ई) मोजता येणाऱ्या गोष्टी : प्रत्येक भेटीत वजन, हिमोग्लोबिन, एंडोस्कोपी झाली असल्यास तिची तारीख व निष्कर्ष.

उ) दैनंदिन भार : कामाचे बुडालेले दिवस, टाळलेला आहार, प्रवासाची मर्यादा.

ऊ) चिकित्सा व अनुवर्तन : कल्प, मात्रा, कालावधी, उपशय, औषध थांबवल्यावर पुनरुद्भव.

ए) निदान दोन्ही परिभाषांत : केवळ ‘ग्रहणी’ लिहिल्यास बोर्डावरील डॉक्टरांस बोध होणार नाही आणि केवळ ‘आय. बी. एस.’ लिहिल्यास आपली चिकित्सा निराधार दिसेल. २०१७ पासून आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर आपल्या व्याधींचे सांकेतांक उपलब्ध आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आय. सी. डी. ११ मध्ये आयुर्वेदादी पद्धतींचा विभाग सादर झाला. त्यांचा उपयोग करावा.

मलात रक्त, काळा मल, अकारण वजन घटणे, गिळण्यास त्रास, पांडुता, किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेला त्रास आढळल्यास नोंदवही बाजूला ठेवून रुग्णास तत्काळ तज्ज्ञांकडे पाठवावे. निवृत्तिवेतनापेक्षा निदान मोठे आहे.

७. औषधालयांचे कर्तव्य

औषधविक्रेत्या बंधूंची पावती हा सातत्याचा पुरावा असतो. तिच्यावर रुग्णाचे नाव, लिहून देणाऱ्या वैद्याचे नाव, कल्पाचे नाव, बॅच क्रमांक व दिनांक असावा. पंचामृत पर्पटीत कज्जलीसह लोह, अभ्रक व ताम्र भस्म असते. सूतशेखरात वत्सनाभ असतो. परिशिष्ट ई (१) मधील घटक असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते, ती केवळ छापण्यासाठी नसते. असे कल्प चिठ्ठीवाचून देऊ नयेत. बोर्डापुढे यकृत वा वृक्क यांच्या तपासणीत काही दोष आढळल्यास ‘आपण काय घेत होता?’ हा प्रश्न येतोच आणि त्याचे उत्तर पावतीवर असले पाहिजे.

मागील तारखेची पावती मागणारे ग्राहक येतात. त्यांस नम्रपणे नकार द्यावा. एक खोटी पावती त्या रुग्णाच्या दहा खऱ्या पावत्यांवरील विश्वास घालवते.

८. मर्यादा

महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली नोंदणी झालेला वैद्य आजारपणाचा दाखला देऊ शकतो. परंतु ‘या रुग्णास ३० टक्के अपंगत्व आहे’ असे लिहिणे आपल्या अधिकारात नाही व त्याचा उपयोगही नाही. ‘व्याधी लष्करी सेवेमुळेच झाली’ असेही लिहू नये. काय पाहिले, काय ऐकले, काय मोजले एवढेच लिहावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत जीर्ण पचनविकार नाहीत आणि तेथील ४० टक्क्यांची अट वेगळी आहे. ते प्रमाणपत्र व हे निवृत्तिवेतन यांची गल्लत रुग्ण करतात, ती दूर करावी.

काही रुग्ण ‘बरे वाटते असे लिहू नका, पेन्शन जाईल’ अशी विनंती करतात. ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्रानुसार कायम स्वरूपाचे ठरवलेले अपंगत्व आजन्म धरले जाते व रुग्णाने स्वतः मागणी केल्याशिवाय त्याचा फेरविचार होत नाही. कायम नसलेल्या अपंगत्वाची एकदाच फेरतपासणी होते. २०२३ च्या नियमांखालील व्यक्तीने मात्र आपल्या आदेशातील मजकूर पाहावा. हे समजावून सांगितल्यास रुग्ण मोकळेपणाने औषध घेतो. भीतीपोटी लक्षणे वाढवून सांगणाऱ्या रुग्णाची चिकित्सा करणे कोणासही शक्य नाही.

९. रुग्णास मार्ग कोणता दाखवावा

प्रथम निवृत्तीच्या बोर्डाची कार्यवाही, म्हणजे ए. एफ. एम. एस. एफ. १६ हा नमुना, हाताशी असावा. नसल्यास आपल्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कार्यालय बेळगावी, महार रेजिमेंटचे सागर व तोफखान्याचे नाशिक रोड येथे आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चाही आधार घेता येतो. त्यानंतर विहित मुदतीत पहिले अपील, मग दुसरे अपील आणि शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ, असा क्रम आहे. सानपाडा परिसरातील रुग्णांनी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. सेवेतील प्रक्रियेचा परिणाम निवृत्तीनंतर प्रकट झाल्यास नियमातील कालमर्यादेत दावा करण्याचीही तरतूद आहे, आणि तेथेच निवृत्तीनंतरच्या वैद्यकीय नोंदींचे मोल सर्वाधिक असते.

उपसंहार

सैनिकाच्या अग्नीची दुष्टी कशाने झाली, हे ओळखण्यास आपल्या शास्त्राइतके समर्थ साधन दुसरे क्वचितच असेल. हेतुविचार हा आपला नित्याचा अभ्यास आहे. तो तारखेसह व आकड्यांसह कागदावर उतरवणे एवढेच करावयाचे आहे. टक्का बोर्ड ठरवील, न्याय न्यायाधिकरण देईल. परंतु त्यांच्यापुढे रुग्ण रिकाम्या हाताने उभा राहू नये, यासाठी प्रत्येक वैद्याने माजी सैनिक रुग्णाचा केसपेपर आजपासून वरील नमुन्याप्रमाणे ठेवावा आणि औषधालयांनी पावती पूर्ण भरावी, अशी सर्व सभासदांस विनंती आहे.